मनगट, घोटा की मांडी? वृद्ध रुग्णांची हालचाल मोजणारा सेन्सर कुठे लावावा

रुग्णालयात दाखल झालेला वृद्ध रुग्ण दिवसातला किती वेळ पलंगाबाहेर असतो, हे नोंदवहीवरून क्वचितच कळते. ‘रुग्णास चालवले’ या नोंदीत दोन पावले आणि वॉर्डाची पूर्ण फेरी सारखीच दिसते. दाखल होण्यापूर्वी चालू शकणारे ज्येष्ठ रुग्णही सुमारे ८३ टक्के वेळ पडूनच असतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सेन्सरमुळेच उघड झाले.

मनगटी पट्टा रुग्ण सहज स्वीकारतो, पण वॉकर धरून चालणाऱ्याचे हात जवळजवळ स्थिर राहत असल्यामुळे तो बरीच पावले मोजतच नाही. शिवाय सलाईनची सुई बहुधा हातालाच असते.

घोट्यावरचा सेन्सर संथ, पाय घासत टाकलेली पावलेही बऱ्यापैकी टिपतो. मात्र बसताना आणि उभे राहताना पोटरी उभीच असते, त्यामुळे खुर्चीत बसलेला रुग्ण आणि पलंगाशेजारी स्तब्ध उभा असलेला रुग्ण त्याला वेगळे ओळखता येत नाहीत. पायांना सूज किंवा जखम असल्यास तो टाळलेलाच बरा.

मांडीवरचा सेन्सर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी मांडीचा कोन ताडून पाहतो, म्हणून रुग्ण खरोखर किती वेळ पायांवर उभा होता हे तो सर्वांत विश्वासाने सांगतो. बसणे आणि झोपणे यांत त्याची गल्लत होते, पण घोट्यावरच्या सेन्सरची जोड दिली की तोही प्रश्न सुटतो: दोन्ही आडवे म्हणजे रुग्ण झोपलेला, मांडी आडवी आणि पोटरी उभी म्हणजे बसलेला, दोन्ही उभे म्हणजे उभा. वरील अभ्यासातही हीच जोडी वापरली होती. मांडीवरच्या सेन्सरची खरी अडचण चिकटपट्टीची आहे. वृद्धांची पातळ त्वचा ती काढताना फाटू शकते, म्हणून पट्टीखालची त्वचा रोज तपासण्याची जबाबदारी नेमून दिल्याशिवाय हा पर्याय निवडू नये.

पडून राहण्याचा वेळ कमी करणे हा हेतू असेल, तर माझा कौल निःसंशय मांडीला आहे, कारण पायांवरचा वेळ तोच सर्वांत विश्वासाने सांगतो. आणि पडून राहणे महागात पडते: निरोगी ज्येष्ठांमध्येही १० दिवसांच्या सक्तीच्या अंथरुणाने पायांचे जवळपास एक किलो स्नायुवस्तुमान घटल्याचे २००७ मध्ये दिसून आले होते. केवळ फिजिओथेरपीतील पावले मोजायची असतील, तर घोटा पुरेसा आहे. कोणताही सेन्सर निवडला, तरी एमआरआयपूर्वी तो काढावा आणि परत लावताना त्याची दिशा पाहावी. उलट्या दिशेने लावलेला सेन्सर शरीराची स्थिती चुकीची नोंदवू शकतो.