रुग्णालयाचे बांधकाम: कामे वाटून द्यावीत की एकाच्याच अंगावर टाकावीत?

सांगली-मिरज परिसरात स्वतःचे रुग्णालय बांधायला निघालेल्या डॉक्टरांपुढे हा प्रश्न जोते आखण्याआधीच उभा राहतो: स्थापत्य, वीज, वातानुकूलन, ऑक्सिजनची पाइपलाइन, अग्निशमन आणि लिफ्ट ही कामे वेगवेगळ्या ठेकेदारांना वाटून द्यावीत, की चावी हातात पडेपर्यंतची सगळी जबाबदारी एकाच्याच अंगावर टाकावी? मी दोन्ही करून पाहिले आहे. विश्रामबागेतली २५ खाटांची मूळ इमारत आम्ही कामे वाटून उभी केली आणि काही वर्षांनी तिच्यावर चढवलेला अतिदक्षता विभागाचा मजला एकाच ठेकेदाराकडून करून घेतला. दोन कामांचा आकार सारखा नव्हता, त्यामुळे ही तुलना काट्यावर तोललेली नाही.

खर्चात वाटून दिलेले काम उजवे ठरते, याविषयी मला शंका नाही. माल आपण भाव करून घेतो, रनिंग बिल, म्हणजे झालेल्या कामाचे टप्प्याटप्प्याचे बिल, आपल्या डोळ्यांसमोर मोजले जाते आणि मधल्या माणसाचा नफा वाचतो. स्लॅबपर्यंतच्या वेळेत मात्र दोन्ही पद्धतींत फारसा फरक पडेल असे मला वाटत नाही, कारण सांगलीत पायाचे वेळापत्रक ठेकेदारापेक्षा काळी माती आणि कृष्णाच अधिक ठरवतात. २०१९ साली आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ साली ते पुन्हा शहरात शिरले. तेव्हापासून जोते उंच घेणे आणि जनरेटर व विजेचे पॅनेल तळघरात न ठेवणे हे येथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्याआधी जोते वर आले नाही, तर ठेकेदार एक असो वा सहा, काम अडते ते अडतेच.

खरा फरक स्लॅबनंतर कळतो, आणि मला तो शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बोळात, फॉल्स सीलिंगच्या वर कळला. त्या दीड फुटाच्या पोकळीतून ऑक्सिजनचे तांब्याचे पाइप, एसीचा डक्ट, विजेचा केबल ट्रे आणि आग लागल्यास पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरची लाइन अशा चौघांना जायचे होते. गॅसवाला आधी मोकळा झाला, म्हणून त्याने आपले पाइप तुळईच्या तळाशी सरळ ओढून घेतले. मग डक्टवाला आला आणि उंची पुरत नाही, पाइप सरकवा, म्हणाला. गॅसवाल्याचे म्हणणे असे की त्याची दाबाची चाचणी पूर्ण झाली आहे. आता पाइप सरकवायचे म्हणजे जोड कापून पुन्हा ब्रेझिंग (धातू वितळवून जोडणी) करायचे, पुन्हा दाब भरून २४ तास काटा उतरत नाही ना ते पाहायचे, आणि याचे पैसे वेगळे. ते मिटले, सीलिंग लागले, आणि मग अग्निशमनवाल्याला आढळले की स्प्रिंकलरची तोंडे दिव्यांच्या जागी आली आहेत. ते सीलिंग एकूण तीनदा उघडले. करारानुसार प्रत्येकाचे काम वेळेत होते. उशीर तेवढा कुणाच्याच करारात नव्हता. बाह्यरुग्ण विभाग अर्धवट सोडून शिडीवर चढून त्यांचे वाद मी सोडवत होतो, आणि त्यातले मला काहीही कळत नव्हते. पाडव्याला ठरलेले उद्घाटन दसऱ्याला झाले.

वरच्या मजल्याच्या वेळी एकहाती ठेकेदाराने सीलिंगच्या वरून जाणाऱ्या सगळ्या लाइनींचा एकत्रित नकाशा काढायलाच तीन आठवडे घेतले आणि मी चिडलो होतो. पुढे तिथेही सीलिंग एकदा उघडले, असे मला नंतर समजले. पण ते त्याने त्याच्या माणसांत निस्तरले, माझ्यापर्यंत आले नाही.

उशिराचा निम्मा दोष आम्हा डॉक्टरांचाही असतो, हे येथे मान्य करायला हवे. मूळ इमारतीत आम्ही भिंती उभ्या राहिल्यावर सीटी स्कॅनचे यंत्र बदलले. त्यासरशी खोलीचे माप, मंजूर वीजभार आणि सीटीच्या क्ष-किरणांसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे द्यायचा आराखडा, सगळेच बदलले. वाटून दिलेल्या कामात असा बदल तोंडी सांगितला की होऊन जातो आणि किती दिवस गेले ते कुणी लिहून ठेवत नाही. एकहाती ठेकेदार मात्र प्रत्येक बदलासाठी वाढीव रक्कम आणि वाढीव दिवस कागदावर मांडून सही मागायचा. ते दिवस पाहून मी दोन बदल मुकाट्याने मागे घेतले.

एकहाती कामाच्या उणिवा लहान नाहीत. मालाची कंपनी करारात नावानिशी लिहिली नसेल, तर स्वस्तातला माल लागतो. त्याने मजूर दुसऱ्या साइटवर हलवले, तर दंडाचे कलम प्रत्यक्षात फारसे कामी येत नाही. त्यापेक्षा शेवटच्या हप्त्यात भरीव रक्कम राखून ठेवलेली बरी. शिवाय परवान्यांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालके दगावली, त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. अग्निशमनाचा ना हरकत दाखला, लिफ्टची तपासणी, जैववैद्यकीय कचऱ्याची परवानगी आणि शुश्रूषागृहाची नोंदणी यांचा पाठपुरावा दोन्ही पद्धतींत आपल्यालाच करावा लागतो.

ज्यांच्या घरात रोज साइटवर उभा राहू शकेल असा अभियंता भाऊ किंवा मेहुणा आहे, त्यांनी कामे वाटून पैसे जरूर वाचवावेत. दहा खाटांचे, केंद्रीय ऑक्सिजन नसलेले रुग्णालय असेल, तरीही एकहाती ठेक्याचा खर्च बहुधा अनाठायी ठरेल. मला पुन्हा बांधायचे झाले, तर स्लॅबपर्यंत नेहमीचा स्थापत्य ठेकेदार ठेवीन आणि सीलिंगच्या वर जे काही जाते ते सगळे एकाच माणसाकडे देईन, मग तो चार पैसे महाग पडला तरी.