छत्री ठेवायची की काढायची?

मामी परवा विचारत होती, गच्चीवरच्या छत्रीचा, म्हणजे डिश टीव्हीचा रिचार्ज बंद करून फायबर इंटरनेटवर टीव्ही बघू का?

आधी पैसे. डिशवर निवडाल तेवढ्या चॅनेलचे पैसे, वर जीएसटी. डीडी फ्री डिशला तर महिन्याचं भाडंच नाही. फायबरचं बिल एकच दिसतं, पण मालिका एका अ‍ॅपवर, क्रिकेट दुसऱ्यावर. बेरीज कागदावर करा. घरात वायफाय आधीच असेल तर मात्र गणित उलटतं.

जुलैत धो धो पाऊस लागला की छत्रीचा सिग्नल जातो. उपग्रहाकडून छत्रीवर येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसात क्षीण होतात. सर ओसरली की चित्र परत. फायबरला पावसाचं सोयरसुतक नाही, पण गल्लीत जेसीबी शिरला की संपलं. आमची वायर तुटली तेव्हा चार दिवस भिंत बघत बसलो.

मॅचची वेगळीच गंमत. डिशवाले शेजारी ‘आउट!’ ओरडतात, तेव्हा आमच्या स्क्रीनवर बॉलर अजून धावतच असतो.

मामा रिमोटवर नंबर दाबून बातम्या लावतात, त्यांना छत्रीच बरी. रात्री अकराला चुकलेला भाग बघणाऱ्या मामीने, वायफाय असेल तर, खुशाल फायबरवर जावं.