खनिजांची पेटी: गॅलेनासाठी घ्या, पुस्तिकेसाठी नको

तुमसर तालुक्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी जवळच असल्यामुळे दगडांचं आमच्या पोरांना अप्रूप नाही. तरी वीस खनिजांची ही पेटी ऑनलाइन मागवली, 1,850 रुपयांना. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण अशाच पेट्या तीन-चार नावांनी विकल्या जातात.

पॅकिंग सुमार. जिप्समचा चुरा झालेला, शंखजिऱ्याची पांढरी पूड सगळ्या खणांत पसरलेली, दोन नमुन्यांचे नंबर निघून आलेले. क्वार्ट्झ, अभ्रक, फेल्डस्पार ठीक आहेत. मॅंगनीजचा म्हणून दिलेला काळा खडा पाहून आठवीतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम जी, याहून चांगला त आमच्या अंगणात पडला हाये." खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी घेऊन आला.

पण गॅलेना, म्हणजे ज्यातून शिसं काढतात ते धातुक! त्या एका दगडासाठी मी बाकीचं सगळं माफ केलं. मुठीएवढा तुकडा, अर्धा राखाडी डोलोमाइट (चुनखडीसारखा खडक) आणि त्यात रुतलेले गॅलेनाचे चकचकीत चौकोनी पैलू. नुसता साफ केलेला चौकोन दिला असता तर शोभेची वस्तू झाली असती. इथं धातुक कोणत्या खडकात बसतं ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. एक सुटा, निव्वळ गॅलेनाचा खडाही सोबत होता. तो स्प्रिंगच्या काट्याला टांगून तोलला: हवेत 150 ग्रॅम, पाण्यात बुडवून 130. वजन 20 ग्रॅमनं घटलं, 150 भागिले 20, म्हणजे घनता पाण्याच्या साडेसात पट. चिखल्याचा काळा दगड तसाच तोलला तर 4.7 च्या आसपास, नदीतला गोटा 2.6. पाठ्यपुस्तकातलं आर्किमिडीजचं पान त्या दिवशी कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

नमुन्यावर चिठ्ठी आहे, "जावर, राजस्थान". आणि पुस्तिकेत काय? "शिशाचे धातुक. उपयोग: बॅटरी." बस्स, संपलं. अरे, जावरबद्दल इतकंच? उदयपूरच्या दक्षिणेला अरवलीच्या डोंगरांत मोचिया, बलारिया, जावरमाला अशा खाणी आहेत. शंभर कोटी वर्षांहून पुष्कळ जुन्या डोलोमाइटमध्ये शिसं आणि जस्त एकत्र सापडतं, शिशापेक्षा जस्तच जास्त. जुन्या खाणींत सापडलेल्या लाकडांवरून तिथलं खाणकाम सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागे जातं. सुरुंग नव्हते तेव्हा खडकाला लाकडं लावून पेटवायचे, तापलेला खडक तडकला की फोडून काढायचा. गॅलेनात थोडी चांदीही असते, त्यामुळे शिशाला दुप्पट मोल.

जस्ताची गोष्ट तर त्याहून भारी. जस्त 907 अंशांना उकळतं आणि वाफ हवेत गेली की पुन्हा राख होते, म्हणून ते शिशासारखं नुसतं वितळवून हाती येत नाही. जावरच्या लोकांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी केल्या. त्यात भाजलेलं धातुक आणि कोळसा भरून मधे एक काडी खोचायची आणि मूस उलटी लावायची. काडीमुळे माल खाली पडत नाही, आणि ती जळाली की वाफेला खाली उतरायला वाट मिळते. एका भट्टीत अशा 36 मुशी, सहा गुणिले सहा. खाली थंड जागेत जस्त जमा होई. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. जावरला त्याआधी कित्येक शतकं हे काम चालू होतं. वापरून झालेल्या मुशी तिथल्या जुन्या घरांच्या भिंतींत विटांसारख्या रचलेल्या आहेत. हे सगळं मी कार्डशीटवर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं.

आता जे मला अजिबात पटलं नाही ते. शिसं विषारी आहे याबद्दल पेटीवर, पुस्तिकेत, कुठंही एक ओळ नाही! उलट पुस्तिका म्हणते, हातोडीनं फोडून चौकोनी तुकडे पाहा. तुकडे चौकोनी पडतात हे खरं, पण ती पूड नाकातोंडात जाईल त्याचं काय? पारंपरिक सुरम्यात हाच दगड दळून घालत आले आहेत. एका पोरीनं ते बरोबर ओळखलं, "मॅडम, माझी आजी डोळ्यात घालते तो का?" आजीला निरोप पाठवला. खनिज ओळखायला त्याची रेघ ओढून रंग बघतात, ती मात्र मीच ओढून दाखवली, टाइलच्या खरखरीत मागच्या बाजूवर, शिशासारखी राखाडी. नंतर सगळ्यांचे हात साबणानं धुतले आणि गॅलेना वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवला. घरात रांगतं मूल असेल तर ही पेटी घेऊच नका.

दुसरी खंत आपल्याकडची. आमच्या भागात मॅंगनीजसोबत मिळणाऱ्या खडकाला भूशास्त्रज्ञ फर्मोरनं 1909 मध्ये गोंड लोकांवरून गोंडाइट असं नाव दिलं. जगभर तेच चालतं, आणि पेटीत त्याचा एक खडा नाही. एकविसावा खण आम्हीच केला, पुठ्ठ्याचा.

पाचापैकी तीन तारे, त्यातले दोन एकट्या गॅलेनाचे. सोबतचं प्लॅस्टिकचं भिंग टाकून द्या. तुमसरच्या बाजारात 60 रुपयांत काचेचं मिळतं.