मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि स्कॅनर: गाडीची वायरिंग शिकताना कशाचे पैसे वसूल झाले

गाडीचं इलेक्ट्रिक काम शिकायला म्हणून गेल्या पावसाळ्यात तीन वस्तू घेतल्या: एक डिजिटल मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प (वायरीत वीज येते का ते पेटून सांगणारा दिवा) आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा). आता उन्हाळा संपत आलाय, म्हणजे भरपूर वापरून झालं. निकाल आधीच सांगून टाकते. सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त कामाला आली, आणि ज्याचं जो तो कौतुक करतो तो स्कॅनर माझ्या यादीत तिसरा.

आमच्या टुरिस्ट परमिटच्या दोन सीएनजी गाड्या आहेत. रात्री विक्रोळीत रस्त्यावरच उभ्या असतात. खाडीकडची खारी हवा, पावसाळ्यात साचलेलं पाणी आणि बारा महिने उंदीर, त्यामुळे इंजिन ठणठणीत असलं तरी वायरिंगची काही ना काही कटकट असतेच. एका गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) सकाळी जड फिरायचा. आमच्या तेव्हाच्या गॅरेजने आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ उतरवून कार्बन ब्रश बदलले, आणि तरी फरक पडेना तेव्हा डायनॅमोचं नाव काढलं. मध्ये कुणी मीटर म्हणून लावला नाही. मग मी नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. सगळे त्यांना मामा म्हणतात. शिकवाल का, असं विचारल्यावर म्हणाले, "ताई, आधी मीटर घेऊन या. अंदाजाने सांगणारे रस्त्यावर खूप आहेत."

मीटर लॅमिंग्टन रोडवरून घेतला. पहिले काही दिवस नुसती बॅटरी मोजत होते. गाडी रात्रभर उभी असेल तर भरलेली बॅटरी 12.6च्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे साधारण अर्धी, 12च्या खाली गेली की उतरलीच. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसलं तर डायनॅमो चार्ज करतोय. एवढ्यावरच डायनॅमो बदलायचा बेत बारगळला, कारण आमचा व्यवस्थित 14.2 देत होता.

खरी गंमत पुढे होती. मामांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरायला लावली (टर्मिनलच्या पट्टीवर नाही, थेट शिशाच्या खांबावर), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि ड्रायव्हरला सेल्फ मारायला सांगितलं. दोन्ही टोकं अर्थचीच (बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या बाजूची), म्हणजे मीटरवर जवळपास शून्य यायला हवं. 0.2-0.3पर्यंत चालतं. आला 2.1. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खांबांमध्ये 11 व्होल्ट होते. बॅटरी खरोखर दमली असती तर सेल्फ मारताना साडेनऊच्याही खाली गेली असती. इथे बॅटरी धडधाकट, पण तिच्यातले दोन व्होल्ट अर्थच्या वायरमध्येच जिरत होते आणि सेल्फला उरत होते जेमतेम नऊ. इंजिन ते बॉडी जाणारी अर्थची जाड वायर काढली तर बाहेरून झकास, पण लगाच्या (वायरच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कानाच्या) तोंडाशी प्लास्टिक सोललं तेव्हा आत हिरवी पूड. बऱ्याचशा तारा हाताने ओढल्या तरी सुटून येत होत्या. नवीन वायर, दोन लग आणि बॉडीवरचा बोल्ट घासून चकचकीत, एवढ्यात काम झालं. ज्या कामासाठी बॅटरी आणि ब्रशचे पैसे गेले ते हे.

हीच वायर मीटरच्या ओहमवर (रेझिस्टन्सवर) किंवा बीपवर (तार जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) तपासली असती तर पास झाली असती. बीप वाजायला एक शाबूत तार पुरते, पण सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. म्हणून आता वायर "चालू आहे का" हे मी बीपवर ठरवतच नाही. लोड चालू ठेवायचा आणि व्होल्ट कुठे गळतात ते बघायचं. पूर्ण शिक्षणातून एकच गोष्ट ठेवायची झाली तर मी ही ठेवीन.

टेस्ट लॅम्पचं महत्त्वही याच कारणाने आहे. मीटर सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्यामुळे सडलेल्या सांध्यातूनही तो छान 12 दाखवतो. दिवा मात्र करंट मागतो. दुकानातल्या टोकदार लॅम्पमध्ये बल्ब अगदीच बारका असतो, म्हणून मामांनी ब्रेक लाइटचा 21 वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन क्रोकोडाइल क्लिपा असा एक घरगुती करून दिला. तो पावणेदोन अँपिअर घेतो. पावसानंतर एका गाडीची डावी हेडलाइट मेली. कपलरवर (बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगवर) मीटर 12.3 म्हणतोय, बल्ब नवा, तरी अंधार. कपलरलाच लॅम्प लावला तर तार नुसती लालसर. मग लॅम्पची अर्थची क्लिप कपलरवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली आणि लख्ख पेटला. म्हणजे प्लस चांगला, अर्थ खराब. हेडलाइटमागचा अर्थचा बोल्ट गंजलेला निघाला. यात स्कॅनर काय करणार होता?

पण हा लॅम्प जिथे तिथे खुपसायचा नाही. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) आणि सेन्सरच्या वायरींना तो लावला तर नसतं नुकसान करून बसाल. पिवळे कपलर एअरबॅगचे, तिथे लॅम्पही नाही आणि ओहम मीटरही नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबल्स आपल्यासाठी नाहीतच. सीएनजी असेल तर आधी वास घ्या आणि मग ठिणगीचं काम करा. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

आता स्कॅनर. आपल्याकडे बीएस-4 या प्रदूषण-नियमांच्या काळात, 2013पासून ओबीडी-2 सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत स्टिअरिंगखाली 16 पिनांचं सॉकेट असतं. बाजारातले बहुतेक स्वस्त डोंगल ईएलएम327 या चिपच्या नकला आहेत. ते इंजिनचे कोड वाचतात, एबीएस-एअरबॅगच्या बाबतीत बहुधा हात वर करतात. साधे ब्लूटूथवाले आयफोनला जोडलेच जात नाहीत, हे घेण्याआधी बघा. मला चीड आहे ती कोड बघून पार्ट बदलणाऱ्यांची. कोड सर्किटचं नाव सांगतो. दोष सेन्सरचा, वायरचा की कपलरचा, हे त्याला कळत नाही.

तरी स्कॅनर एकदा मनापासून आवडला. मे महिन्यात चेक लाइट लागली, कोड पी0113, आणि मोबाइलवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान उणे 40. मुंबईत, मे महिन्यात, भर दुपारी! हा सेन्सर थंडीत रेझिस्टन्स वाढवतो, त्यामुळे सर्किट तुटलं की ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडतोय. मी सेन्सरचा दोन पिनांचा कपलर काढला आणि वायरच्या बाजूच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडल्या. वायर धड असती तर आकडा एकदम आकाशाला भिडला असता आणि सेन्सर दोषी ठरला असता. आकडा उणे 40वरच राहिला, म्हणजे तार मध्येच तुटलेली. बॅटरीच्या ट्रेखाली उंदराने कुरतडलेली सापडली. सोल्डर, हीट श्रिंक स्लीव, वर टेप, आणि सेन्सरचा खर्च वाचला.

काम झाल्यावर डोंगल सॉकेटमध्ये तसाच ठेवू नका. सोळाव्या पिनवर बॅटरीचा प्लस कायम असतो, किल्ली काढली तरी. आमची दुसरी गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची, तेव्हा पहिला संशय त्याच्यावर गेला, पण चोर दुसराच निघाला. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवलं, गाडी लॉक करून अर्धा तास थांबले, कारण सगळे कंट्रोलर झोपी जायला वेळ लागतो. मग फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर मीटर मिलिव्होल्टला ठेवून बघत गेले. करंट वाहत नसेल तर शून्य. म्युझिक सिस्टिमच्या फ्यूजवर आकडा दिसला. मीटर सीरिजमध्ये, म्हणजे बॅटरीचा करंट त्याच्यातूनच जाईल असा, लावून मोजल्यावर एकूण 0.35 अँपिअर, जिथे 0.05पर्यंत ठीक म्हणतात. बाहेरून बसवून घेतलेल्या स्टीरिओची पिवळी वायर कायमच्या प्लसला हवी आणि लाल किल्लीवरच्या प्लसला. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या प्लसला जोडल्या होत्या, त्यामुळे स्टीरिओ कधी पूर्ण बंदच होत नव्हता. लाल वेगळी केली.

घेणाऱ्यांसाठी थोडं. मीटरच्या 10 अँपिअरच्या भोकाशेजारी "अनफ्यूज्ड" छापलेलं असेल तर तो ठेवून द्या, फ्यूजवाला घ्या. पिन त्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरी मोजायला गेलात की थेट शॉर्ट. मीटर सीरिजमध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, तो करंट त्याला झेपणार नाही. मीटरची आतली 9 व्होल्टची बॅटरी उतरली की स्वस्त मीटर चढे आकडे दाखवायला लागतो, तेव्हा डायनॅमोवर शंका घेण्याआधी ती बदला. क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) मोह पाडतो, पण दुकानातले बरेचसे फक्त एसी करंट मोजतात, ते गाडीला निरुपयोगी. डीसी अँपिअर लिहिलंय का ते काउंटरवरच बघून घ्यायचं. माझी पुढची खरेदी तोच. आणि त्याच्याही आधी एक चांगला क्रिम्पिंग पाना, कारण पकडीने दाबलेले लग पुढच्या पावसाळ्यात परत हिरवे होतात.