सेकंडहँड फोर्कलिफ्ट घेताय? आधी मागचं वेल्डिंग बघा

4,85,000 रुपये गेले माझे. भोसरी एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे, डाय म्हणजे पत्रा दाबायचे जड लोखंडी साचे हलवायला तीन टनी फोर्कलिफ्ट हवी होती, नवी परवडत नाही म्हणून ओळखीतल्या डीलरकडून जुनी डिझेल घेतली, 50,000 रोख आणि 4,35,000 आरटीजीएस. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर स्पष्ट होतं, 3000 किलो, लोड सेंटर (फोर्कच्या उभ्या बाजूपासून मालाच्या वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर) 500 मिमी. 22 वर्षं याच लाइनीत आहे मी, प्लेटवर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर ठेवायचा?

पण दिसलं होतं मला. प्लेटचे रिव्हेट कोरे करकरीत, शेजारी रंगाखाली बुजवलेली जुनी चार भोकं, मी बोट लावून बघितली. काउंटरवेटला, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या वजनाला, मागून जाड प्लेटा वेल्ड केलेल्या. विचारलं तर म्हणतो, "शेठ, कंपनीनंच हेवी करून दिलीय." आणि मी गप्प बसलो. डिलिव्हरी तोंडावर होती, कस्टमर रोज फोन करत होता, नाहीतर मी सोडणारा नाही. ती भोकं आजही झोपू देत नाहीत.

पंधराव्या दिवशी 2,600 किलोचा डाय घेऊन वळताना मास्टचा, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या पुढच्या उभ्या खांबाचा, खालचा ब्रॅकेट फाटला, डाय खाली. हेल्पर पोरगा दोन पावलं लांब होता. फक्त दोन पावलं.

सिरियल नंबर कंपनीला पाठवला, उत्तर आलं, गाडी दोन टनी. वजनकाट्यावर नेली तर मूळ वजनापेक्षा 540 किलो जास्त. मागे वजन वाढवलं की गाडी पुढे उलटत नाही, म्हणून ताकद वाढली असं वाटतं, पण मास्ट, चेन, पुढचा ॲक्सल, ब्रेक दोन टनाचेच राहतात ना! अमेरिकेत ओशाचा, म्हणजे तिथल्या सरकारी कामगार सुरक्षा खात्याचा, नियमच आहे, मेकरच्या लेखी मंजुरीशिवाय क्षमतेवर परिणाम होणारा बदल करायचा नाही. काट्याची पावती आधी घ्या, पैसे नंतर.

पोलीस चौकीत म्हणाले सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. दुसऱ्या सरकारी ऑफिसात तीन चकरा, एकदा साहेब मीटिंगला, एकदा अर्ज चुकीच्या टेबलावर, तिसऱ्यांदा विचारतात, "कोणी जखमी झालंय का? नाही ना, मग तक्रार कसली?" म्हणजे त्या पोराचा पाय जायला हवा होता का? खोटी प्लेट ठोकणं हा गुन्हा कोणालाच वाटत नाही! भंगारवाला 90,000 देतोय, मी देणार नाही, कारण तो परत रंग मारून कोणाच्या तरी गळ्यात बांधेल.

कच्ची पावती घेऊ नका, मी घेतली. बिलावर सिरियल नंबर आणि क्षमता लिहून घ्याच. डीलरचा फोन बंद आहे आणि परवा त्याच्या यार्डात अजून एक "तीन टनी" उभी बघितली, मागे तसंच वेल्डिंग.