वीस रुपयांचं लॅमिनेशन : ठाण्यातलं आमचं गुपचूप लग्न, आठ महिन्यांनंतर

"लॅमिनेट केलेलं चालत नाही." खिडकीपलीकडच्या बाईंनी आमचं विवाह प्रमाणपत्र दोन बोटांत धरलं, उजेडाकडे करून बघितलं आणि परत सरकवलं. नवऱ्याला पोलंडला नोकरी लागली आहे. मला सोबत जायचं तर प्रमाणपत्रावर अपोस्टिल हवं, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का-स्टिकर, आणि तो कागदावर लागतो, प्लॅस्टिकवर नाही. लग्नाचा एकूण खर्च आम्ही एकवीस हजारांत बसवला होता. त्याचा गळा आवळला तो वीस रुपयांच्या लॅमिनेशनने.

तर हा अनुभव दोन गोष्टींचा: विशेष विवाह कायद्याखालचं लग्न आणि ते 'सगळं करून देणारा' एजंट. कायदा 1954 चा आहे, त्याची माहिती सगळीकडे मिळते, म्हणून थोडक्यातच सांगते. नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदार आणायचे, सही करायची. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस वास्तव्य हवं. नवी मुंबईवाले इथेच हमखास चुकतात. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर-पनवेल रायगडमध्ये. माझ्या मैत्रिणीने चुकीच्या जिल्ह्यात अर्ज भरून एक सुट्टी वाया घालवली.

आम्ही 'पळून' वगैरे गेलो नाही. मी नौपाड्याची, पळून जाणार कुठे, गोखले रोडवर? घोडबंदरचा हॉल, चारशे पानं आणि मानपानाच्या साड्या यांतून सुटका हवी होती, एवढंच. पण गुपचूप म्हणावं तर कायदाच तुमची नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतो. नवऱ्याचा कायमचा पत्ता साताऱ्याचा, म्हणून एक प्रत तिकडेही गेली. त्या तीस दिवसांत मी दोनदा बोर्ड बघून आले. कुणी वाचत नाही. आमच्या नोटिशीवर दुसऱ्या कुणाची तरी नोटीस अर्धी चढली होती, तेवढाच काय तो पडदा.

एजंट का घेतला? आळसापायी. नोटिशीचा अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या भरता येतो, सरकारी फी किरकोळ. एजंटने आठ हजार घेतले. त्यात फॉर्म, तारीख, दोन हार, पेढ्यांचा पाव किलोचा डबा आणि 'लॅमिनेशन फ्री'. साक्षीदार कमी पडले तर तेही देतो म्हणाला, पैसे वेगळे. ते आम्ही नाकारलं. लग्नाच्या कागदावर अनोळखी माणसाची सही कशाला? आईला आदल्या रात्री सांगितलं. ती मिनिटभर गप्प बसली आणि मग म्हणाली, "नेसणार काय आहेस?" दुसऱ्या दिवशी पहिल्या साक्षीदाराची सही तिचीच.

प्रत्यक्ष लग्न तीन मिनिटांत उरकलं. "मी तुमचा पती म्हणून स्वीकार करते" हे वाक्य मराठीतच म्हणता आलं, आणि माझा आवाज फाटला, जो चारशे माणसांसमोर फाटला नसता. मग कोपिनेश्वराचं देऊळ, तलावपाळीवर एक चक्कर, आणि मामलेदारची मिसळ. पैठणीवर तर्री सांडली. या भागाला पैकीच्या पैकी.

आता पुन्हा लॅमिनेशन. आठ महिने ते प्रमाणपत्र मी कौतुकाने फाईलमध्ये ठेवलं, कारण पाणी सांडलं तरी चिंता नाही. ते नाकारल्यावर नवऱ्याने इस्त्री काढली. गरम करून प्लॅस्टिक सोलता येतं असं त्याने कुठेतरी बघितलं होतं. नशीब, प्रयोग आधी एका लॅमिनेट केलेल्या झेरॉक्सवर केला. प्लॅस्टिकबरोबर शाईही निघाली, तेही नेमकं माझं नाव.

मी एजंटला फोन लावला. "ताई, ते फ्री होतं. दुकानात वीस रुपये घेतात."
"मग काढायचे किती घेता?"
"काढता येत नाही ना ताई."
"हे लावताना सांगायचं होतं."
"तुम्ही बाहेरगावी जाणार, हे तुम्ही तरी कुठे सांगितलं?"

फोन ठेवला आणि रागाच्या भरात हे लिहायला बसले. तेव्हा एक तारा देणार होते, तोही आठ हजारांतल्या पेढ्यांसाठी. अर्धं लिहून झालं होतं तोवर त्याचाच फोन आला. म्हणाला, "ताई, तुमच्याकडचा कागद गेला तर जाऊ दे, नोंद तर वहीत आहे." खरंच की! त्या दिवशी आम्ही दोघांनी आणि तिघा साक्षीदारांनी सह्या केल्या त्या विवाह प्रमाणपत्राच्या पुस्तकात. अर्ज आणि फी भरली की त्यातून प्रमाणित प्रत मिळते, तशी कायद्यातच तरतूद आहे. आई तेव्हा शेवटच्या अक्षराला पेन अडला म्हणून पुन्हा गिरवत होती, तीच सही अजून तिथे आहे. हे एवढं आठ महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

अर्ज त्यानेच लिहून दिला. फुकट. रिक्षाचे साठ रुपये मात्र मागितले. मी दिले, आणि मनातल्या मनात त्यातून वीस वजा केले.

म्हणून आता तीन तारे. स्वतःला वेळ असेल तर एजंट अजिबात घेऊ नका, यावर मी ठाम आहे. घेतलाच तर हार जांभळी नाक्यावरून स्वतः आणा. त्याचे हार दुपारपर्यंत काळे पडले आणि फोटोत तसेच दिसतात. आणि प्रमाणपत्र हातात आलं की त्याच दिवशी दोन जादा प्रमाणित प्रती मागून ठेवा.

नवी प्रत आली. कागद पातळ आहे, घडी पडायची भीती वाटते, म्हणून कडक फाईलमध्ये ठेवली आहे. लॅमिनेट केलेलं साताऱ्याला सासूबाईंनी मागून घेतलं. लग्नाला बोलावलं नाही म्हणून चार महिने त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. आता ते त्यांच्या शोकेसमध्ये आहे, दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसतात. तेवढ्यासाठी लॅमिनेशन चांगलं झालंय, बुडबुडा एकही नाही.