छोटा हाथी की बोलेरो पिकअप?

खानापूरकडचा मावसभाऊ गाडी घ्यायची म्हणून अडून बसलाय: टाटा एस (म्हणजेच छोटा हाथी) की महिंद्रा बोलेरो पिकअप? शोरूमवाल्याचं मायलेज बाजूला ठेवू या.

आधी वजन. एस पाऊण टनाच्या आसपास माल घेते, पिकअप मॉडेलप्रमाणे सव्वा ते पावणेदोन टन. रताळ्याच्या सुगीत हाच फरक खरा, कारण एसला दोन खेपा माराव्या लागतात आणि दुसऱ्या खेपेपर्यंत मार्केटातला सौदा उरकलेला असतो.

घाटात तर विचारूच नका. एसचं डिझेल इंजिन दोन सिलिंडरचं, ७०२ सीसी. पिकअपचं चार सिलिंडरचं, अडीच लिटर. भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जायचं तर एस चढेल, पण पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रडतखडत. पावसाळ्यात शेताच्या चिखलवाटेवरही तिची बारकी चाकं रुततात.

गावात मात्र उलटं. बेळगावच्या रविवार पेठेत माल उतरवताना पिकअप वळवून दाखवा! एस कुठंही घुसते, डिझेल कमी पिते, हप्ताही हलका.

सीमाभागात आणखी एक गोष्ट बघावी. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. एस त्यात आरामात बसते. पिकअपची मोठी मॉडेलं त्यावर जातात; हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगड-गडहिंग्लजला रोज जाणाऱ्याने आरसी बुकातला आकडा बघूनच मॉडेल ठरवावं.

शहरात किराणा, दूध, गॅस पोचवणाऱ्याने एस घ्यावी. भावा, तुझा माल रताळी आणि रस्ता चोर्ल्याचा. तू पिकअपच घे.